बावीस मिलिमीटर

नेरूळच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर तांडेल काळी फिल्म उजेडाला धरतात.
उजवं मूत्रपिंड, खालचा कप्पा,
बावीस मिलिमीटर.
बाबा खुर्चीच्या कडेवर, कंबर दाबून,
त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघतात
जसे खाणीत कड्याकडे बघायचे,
डोळे बारीक करून, आधी काही न बोलता.

मग विचारतात, "नस कुठल्या अंगाला आहे?"

डॉक्टर माझ्याकडे बघतात. मी सांगते,
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या डोंगरात दगड फोडलाय त्यांनी,
तुमच्या जिन्याखालची खडीही
त्यांच्याच क्रशरची असेल.
डॉक्टर हसत नाहीत. खुर्ची पुढे ओढतात.

"एक तर बाहेरून लाटांचे ठोके, यल्लप्पा.
कातडीला ओरखडा नाही, दगड आतल्या आत फुटतो,
संध्याकाळी घरी."
"आणि खडी कुठं जाते?"
"लघवीवाटे. आठवडा लागतो, कधी महिना.
वाटेत अडकतेही."
"म्हणजे सुरुंग उडवला न गाडीच बोलावली नाही."
"तसंच. शिवाय तुमचा दगड घट्ट.
सीटीत तेराशेचा आकडा आहे."
"काळा पत्थर," बाबा म्हणतात,
आणि मला वाटतं, त्यांना जरा बरंच वाटलं.

"नाहीतर खालच्या वाटेनं बारीक दुर्बीण, वळेल तशी वळणारी,
टोकाला लेझर. दगडाचं पीठ करते.
चिरा नाही, पण नंतर दोनेक आठवडे आत नळी राहील.
आणि एवढ्याला कदाचित दोनदा यावं लागेल."
बाबा तळहात चोळतात.
पीठ त्यांना ठाऊक आहे.
क्रशरखाली उभं राहून नाकातोंडात जायचं ते,
भीमूमामाच्या छातीत बसलं ते,
जे शेवटपर्यंत कुणालाच काढता आलं नाही.

"आणि पाठीतून?" मी विचारते.
औषधांच्या दुकानात बसते मी, नावं ऐकलेली असतात.
"करंगळीएवढं भोक. सरळ दगडापर्यंत.
फोडायचा, तुकडे त्याच वाटेनं बाहेर.
बहुतेक एकाच दिवसात साफ.
पण रक्त जातं, कधी चढवावं लागतं. दोन-तीन दिवस मुक्काम."

मी तिन्हींचे पैसे विचारते,
बिलाच्या पाठीवर लिहून घेते,
कार्डावर काय बसतं, काय नाही.
पाठ फाडून उघडायची जुनी रीत
आता जवळजवळ कुणी करत नाही, डॉक्टर म्हणतात,
तिचे पैसे मी लिहीत नाही.

बाबा मधेच, "भोक चुकलं तर?"
पंखा फिरतो. डॉक्टर पेन खाली ठेवतात.
"आतड्याला लागू शकतं. छातीच्या पडद्याला. क्वचित.
माझ्या हातून एकदा झालंय.
त्या बाई बऱ्या झाल्या, पण झालंय."
"माझ्याही हातून एकदा," बाबा म्हणतात.
वात लवकर जळली होती.
त्यापुढचं ते घरीही कधी बोललेले नाहीत.

मग उठतात, शर्ट वर करतात, पाठ फिरवतात.
"कुठून मारणार, दाखवा."
डॉक्टर शेवटच्या बरगडीखाली बोट टेकवतात.
बाबा मान वळवून, जमेल तेवढं, बघतात.
"हं. चालेल."

गुरुवारी छोट्या बाटलीत तुकडे.
तपासणीला पाठवायच्या आधी एक मागून घेतात,
पलंगाच्या लोखंडी दांडीवर हलकेच आपटतात,
कान लावतात.
"आपल्या डोंगराचा नाही हा."

खिडकीतून तो डोंगर दिसतो, अर्धा कापलेला,
कापल्या जागी क्रेन, मनोरे, निळी जाळी.
सिस्टर सांगून जाते, दिवसाला तीन लिटर, आजोबा.
खाणीत पाण्याचा टँकर दुपारी यायचा,
तोवर तहान तंबाखूखाली दाबायची रीत होती.

बाबा पेला उचलतात.
उजेडात धरून बघतात,
आत काही दिसतंय का,
आणि पितात.